आधी कागद, मग जलसा

निर्वासितांसाठी मदतनिधीचा जलसा करायचे ठरले की समितीच्या पहिल्या बैठकीत तीन विषय निघतात : कलाकार कोण, सभागृह कोणते आणि तिकीट किती. पैसा कुणाच्या नावावर जमा होणार, कोणत्या कायद्याखाली जमा होणार आणि ज्यांच्यासाठी तो मागितला त्यांच्यापर्यंत किती दिवसांत पोचणार, हे प्रश्न ‘कार्यक्रम तर होऊ द्या, मग बघू’ म्हणून मागे पडतात. माझे म्हणणे असे की, या प्रश्नांची उत्तरे लेखी हाती आल्याशिवाय सभागृहाचे आगाऊ पैसेही भरू नयेत. मदतीच्या जलशाचे यश त्या रात्री ठरत नसते. ते आधीच्या महिन्यात, कंटाळवाण्या कागदांवर ठरते. याचा सर्वांत महागडा धडा अशा जलशांची परंपरा जिथून सुरू झाली असे मानतात, त्याच कार्यक्रमात मिळतो. म्हणून तो नीट उलगडून पाहणे आवश्यक आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय व आसामात येऊ लागले. डिसेंबरपर्यंत हा आकडा, भारत सरकारच्या नोंदीप्रमाणे, ९८ लाखांवर गेला. त्या आधीच्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाने हाच प्रदेश उद्ध्वस्त केला होता. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे जेसोरकडचे, त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाकडचे. त्यामुळे ही बातमी त्यांना परकी नव्हती. एखादा कार्यक्रम करून २५ हजार डॉलर जमवावेत, एवढीच त्यांची कल्पना होती. मित्र आणि शिष्य जॉर्ज हॅरिसन यात पडला आणि जेमतेम पाच-सहा आठवड्यांत सगळे उभे राहिले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ झाले. रविशंकर यांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्लारखाँ यांचा तबला; पुढे बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार. दोन्ही खेळांना मिळून सुमारे ४० हजार श्रोते होते. कलाकारांनी मानधन घेतले नाही. दानत, कीर्ती, गर्दी, सगळे होते.

आता हिशेब पाहू. दारावर जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर त्याच महिन्यात युनिसेफला मिळाले. रविशंकर यांच्या अपेक्षेच्या जवळजवळ दहापट ही रक्कम. पण तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या दराने ती १८ लाख रुपये होते, आणि जवळजवळ एक कोटी निर्वासितांत वाटली तर माणशी १८ पैसे. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून भारत सरकारने टपालावर निर्वासित साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे केले होते. म्हणजे जगातला त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला मदतीचा कार्यक्रम आपल्याकडच्या चार पत्रांवरच्या जादा तिकिटांइतकाही माणशी पडला नाही. यात कलाकारांना कमी लेखण्याचा हेतू नाही. मुद्दा असा की, कोणत्याही सभागृहाच्या खुर्च्या मोजक्या असतात, म्हणून तिकिटांचे उत्पन्नही मोजकेच राहते. मोठा पैसा कार्यक्रमानंतर येतो : ध्वनिमुद्रणातून, चित्रपटातून, हक्कांतून. तीन तबकड्यांचा तो संच डिसेंबरच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाजारात आला, पुढच्या मार्चमध्ये चित्रपट निघाला आणि खरी गंगाजळी तिथे साठली. १९८२ मध्ये त्यातून युनिसेफला दिलेला चेक ८८ लाख डॉलरचा होता. दारावरच्या रकमेच्या ३६ पट.

१९८२ हे वर्ष वाचताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही, पण ते बरोबर आहे. कार्यक्रम ठरवताना युनिसेफशी आधी रीतसर करार झाला नव्हता आणि धर्मादाय कार्य म्हणून करमाफीचा अर्ज वेळेत गेला नव्हता. युनिसेफचे नाव लाभार्थी म्हणून पुढे होते, पण कागदावर तबकड्यांचा पैसा व्यावसायिक उत्पन्नासारखा दिसत होता. अमेरिकेच्या करखात्याने तो तसाच धरला आणि मोठा हिस्सा वर्षानुवर्षे अडकून पडला. तबकडी निघायलाही उशीर झाला तो वितरणाचे हक्क कोणत्या कंपनीकडे आणि नफ्यात कुणाचा किती वाटा, या भांडणामुळे. कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी बांधलेले होते आणि हा गुंता कार्यक्रमाआधी कुणी सोडवलेला नव्हता. ब्रिटनमध्ये सरकारने विक्रीवरचा कर माफ केला नाही. अखेर १९७३ मध्ये हॅरिसनने स्वतःच्या खिशातून १० लाख पौंडांचा चेक ब्रिटिश खजिन्याला दिला. १९७२ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने तबकडीच्या पैशांबद्दल जाहीर शंका घेतली, त्यावर हॅरिसनच्या व्यवस्थापकाने दावा ठोकला. आयोजकांचा हेतू स्वच्छ होता, हे मान्यच. पण उघड हिशेब समोर नसला की स्वच्छ हेतूलाही वकील द्यावा लागतो.

निर्वासितांच्या बाबतीत उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. त्यांची गरजच तोवर बदलून जाते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सीमेवरच्या छावण्यांत पटकीची साथ होती. बनगावला डॉ. दिलीप महलानबीस यांनी शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आल्यावर ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यातून पाजायला सुरुवात केली आणि शेकडा तिसाच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्या खाली आले. अशा वेळी एक रुपया जे करतो, ते दहा वर्षांनी शंभर रुपये करू शकत नाहीत. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परत गेले. तबकडी दुकानांत पोचली तेव्हा ज्या छावण्यांसाठी ती निघाली होती त्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. १९७४ मध्ये बांगलादेशात भीषण दुष्काळ पडला, तेव्हाही या पैशाचा मोठा भाग परदेशी खात्यात निर्णयाची वाट पाहत होता. पुढे तो युनिसेफमार्फत मुलांच्याच कामी आला, वाया गेला नाही, हे खरे. तरी १९७१ च्या नावाने मागितलेला पैसा १९७१ च्या मुलांना मिळाला, असे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : पैशाचे सोडा, त्या कार्यक्रमाने ‘बांगलादेश’ हे नाव जगभर पोचवले. निक्सन यांचे सरकार याह्याखानच्या पाठीशी उभे असताना अमेरिकी तरुणांना एका रात्रीत हा प्रश्न कळला, त्याचे मोल डॉलरमध्ये कसे करायचे? हा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच तो माझ्या मुद्द्याविरुद्ध जात नाही. जागृती हे काम त्या रात्रीने चोख केले, कारण त्यासाठी करखात्याची परवानगी लागत नव्हती. निधी हे दुसरे काम होते आणि ते कागदांअभावी रखडले. एकाच्या यशाने दुसऱ्याचे अपयश झाकू नये. तुमचा हेतू जागृतीचा असेल तर तसे जाहीर सांगा, प्रवेश मोफत ठेवा, व्याख्याने ठेवा, माहितीपट दाखवा. ‘तुमच्या तिकिटातून एका कुटुंबाला तंबू मिळेल’ असे छापले की मात्र तुम्ही वचन दिले, आणि त्या वचनाचा हिशेब तंबूतच मागितला जाणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संकट आज आहे. विश्वस्त संस्था नोंदवायला, परवाने मिळवायला महिने जातात. तोवर माणसे मरू द्यायची का? नाही. पण घाई असेल तर नवी संस्था काढूच नये. छावणीत आधीपासून काम करणारी, नोंदणी असलेली, लेखापरीक्षण झालेली संस्था शोधावी आणि आपली रात्र तिच्या नावे करून द्यावी. तिकीट तिचे, पावती तिची, खाते तिचे. आपण फक्त राबणारे. १९७१ मध्ये हेच पाऊल आधी उचलले गेले असते तर बरेच पुढचे टळले असते. नंतरच्यांनी हे ओळखले. इथिओपियाच्या दुष्काळासाठी १९८४ च्या अखेरीस गाणे निघाल्यावर ते गाणाऱ्या बँड एड या कलाकारसमूहाने आपला विश्वस्त निधी लवकर उभा केला. जुलै १९८५ चा लाइव्ह एड सोहळा त्यानंतर झाला. समित्यांना आपले नाव पुढे हवे असते, ही यातली खरी अडचण आहे. ती वेळेची म्हणून सांगितली जाते.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळांना हा रस्ता माहीत असतो, जलसा समित्यांना सहसा नसतो. देणगीदाराला आयकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळेल असे छापण्याआधी ज्या संस्थेची पावती देणार तिची नोंदणी चालू आहे का ते पाहावे, आणि रोख दोन हजारांवरच्या देणगीला व वस्तुरूप देणगीला ती मिळत नाही हेही सांगावे. परदेशातल्या निर्वासितांसाठी इथे पैसा जमवणार असाल तर भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर इथल्या धर्मादाय संस्थेला करसवलत सहसा मिळत नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते, हे आधीच विचारात घ्यावे. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मराठी मंडळांनी तर अधिक सावध असावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचा पैसा इथल्या संस्थेसाठी परकीय देणगी ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने नेहमीच्या बँकमार्गाने स्वतःच्या बचतीतून दिलेला ठरत नाही. परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेला परकीय देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच उतरावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘आम्ही पुण्याच्या संस्थेला पाठवू, ती छावणीतल्या संस्थेला देईल’ ही सर्रास ऐकू येणारी योजना इथेच कोसळते. हा कायदा जाचक आहे, असे अनेक संस्था म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण जाचक कायदा न वाचता कार्यक्रम केला तर जाच निर्वासितांना होतो, कायद्याला नाही.

खर्चाबद्दलही स्पष्ट असावे. मेजवानी, फुले, ध्वनिव्यवस्था यांवर पैसा उडवून उरलेले चार आणे गरिबाला, अशी टीका होते. त्यावर उत्तर असते की मेजवानी नसती तर हे लोक आलेच नसते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि तोड एकच आहे : कार्यक्रमाचा खर्च प्रायोजकांकडून आधी भागवावा आणि तिकिटाचा पैसा वेगळ्या खात्यात, न फोडता ठेवावा. प्रायोजक पुरेसे मिळाले नाहीत तर जेवण साधे करावे. अमेरिकेत ७५ डॉलरवरच्या तिकिटात जेवणाची व कार्यक्रमाची किंमत किती हे देणगीदाराला लेखी कळवावे लागते; आपल्याकडे अशी सक्ती असो वा नसो, तिकिटावर ते छापायला कुणी अडवलेले नाही. कलाकारांकडून एक पानाची संमती घ्यावी : चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि त्याचे पुढचे सगळे उत्पन्न अमुक संस्थेचे. यूट्यूबच्या काळात ही ओळ १९७१ पेक्षा जास्त गरजेची आहे. शिवाय पर्यायी हेतूही लिहून ठेवावा : छावणी बंद झाली, लोक परतले किंवा अन्यत्र हलवले गेले, तर हा पैसा त्यांच्या पुनर्वसनाला जाईल की परत मागता येईल?

म्हणून पुढच्या बैठकीत जाताना पाच कागद बरोबर न्या : लाभार्थी संस्थेचा करार, तिची चालू नोंदणी, वेगळ्या खात्याचा तपशील, कलाकारांची हक्कांबाबत संमती आणि पैसा पोचवण्याची तारीख. पाचांपैकी एकही कमी असेल तर कार्यक्रम पुढे ढकला, आणि तोवर ज्यांना द्यायचेच आहे त्यांना थेट त्या संस्थेला चेक लिहायला सांगा. कार्यक्रमानंतर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च छापून प्रत्येक तिकीटधारकाला पाठवा. एवढे करण्याची तयारी नसलेल्या समितीने निर्वासितांच्या नावाने तिकीट विकू नये.