जामीन कोण राहणार? केनियाच्या मोबाईलवरचे विश्वासाचे 4 धडे

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा धडा इथे नीट लिहून देतोय.

प्रश्न असा: समोरच्याला आपण ओळखत नाही, पण आपल्या ओळखीचे चार जण त्याला ओळखतात. ही ओळख मोबाईलवर कशी आणायची? समजा, केनियातल्या लोकांसाठी असं विश्वासाचं जाळं आपल्यालाच उभं करायचंय. काय काय बघाल?

1. आधीपासून काय आहे?
केनियात गावोगावी 'चामा' चालतात. आपली भिशी किंवा बचत गटच समजा. सगळे ठरलेली रक्कम काढतात, पाळीपाळीने एकेकाला मिळते. म्हणजे विश्वास तिथे आहेच, ॲपने तो तयार करायचा नाहीये. नवीन माणसाला जुन्या दोन सभासदांनी जामीन राहायचं. पण त्याने बुडवलं तर त्या दोघांना काही काळ दुसऱ्या कुणाला जामीन राहता येणार नाही. फुकटचा शब्द कुणीही टाकतो!

2. लोक खरंच काय वापरतात?
सफारीकॉमने 2007 मध्ये एम-पेसा आणलं. स्वाहिलीत 'पेसा' म्हणजे पैसाच. 2005 च्या चाचणीत हेतू होता लहान कर्जांचे हप्ते मोबाईलवरून भरण्याचा. लोक मात्र एकमेकांना पैसे पाठवायला लागले. कंपनीने ते हेरलं आणि 'घरी पैसे पाठवा' हेच सांगून सेवा विकली. ती साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालायची. आपलं जाळंही एसएमएसवर चाललं पाहिजे.

3. अडलं तर जायचं कुठे?
एम-पेसाचा एजंट म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यावरचा दुकानदार. तिथे दुकानाला 'डुका' म्हणतात, दोन्ही शब्दांचं मूळ अरबी. रोख भरायची, काढायची त्याच्याकडेच. म्हणून आपल्या जाळ्यातही तक्रार ऐकणारा एक ओळखीचा माणूस हवा. नुसता हेल्पलाइन नंबर पुरत नाही.

4. कुणाला काय कळणार?
इथेच मोठी चूक झाली. केनियात काही कर्ज देणारी ॲप्स फोनमधले नंबर घ्यायची आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना, साहेबांना फोन करायची. शेवटी 2022 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने नियम करून यावर बंदी घातली.

हसू नका, मीही हेच केलंय. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर त्याच्या मित्राला उधारी दिली. पैसे थकले, तेव्हा मी त्या जुन्या गिऱ्हाइकाला चार लोकांसमोर विचारलं. पैसे दुसऱ्याच दिवशी आले. पण ते दोघंही पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. वसुली झाली, माणसं गेली.

म्हणून नियम पक्का: हप्ता चुकला तर फक्त घेणाऱ्याला आणि स्वतःहून जामीन राहिलेल्याला कळवा. तेही खाजगीत. लोकांच्या ओळखी हेच आपलं भांडवल आहे, त्याचा चाबूक केला की जाळं तुटलं.

गृहपाठ: उधारीच्या वहीतली दहा नावं काढा. प्रत्येकापुढे लिहा, याच्यासाठी जामीन कोण राहील? ज्याच्यापुढे जागा कोरी राहिली, त्याची उधारी वाढवण्याआधी दोनदा विचार करा.