टॅबलेटची निवड : टिपणे आणि सादरीकरण यांच्या दृष्टीने



बीड जिल्ह्यात एखाद्या घरात टॅबलेट येतो तो अनेकदा ऊसतोडीच्या उचलीतून, कापसाच्या पट्टीतून किंवा नव्या नोकरीच्या पहिल्या दोन-तीन पगारांतून. म्हणजे तो हौसेचा पैसा नसतो. घरातील दुसरी एखादी गरज मागे सारून उभा केलेला असतो. असे असूनही ही खरेदी बहुधा जाहिरात पाहून, मित्राचे पाहून किंवा दुकानदार जो मॉडेल पुढे करील तो पाहून होते. सहा महिन्यांनी त्यावर फक्त चित्रफिती पाहिल्या जातात आणि टिपणे पुन्हा वहीतच घेतली जातात. हे टाळता येते. त्यासाठी टॅबलेटविषयी फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही, तर आपले काम नेमके काय आहे याचा विचार लागतो. टिपणे घेणे आणि कार्यालयात किंवा परिसंवादात सादरीकरण करणे, या दोन कामांपुरता हा विचार प्रस्तुत लेखात मांडला आहे.

१) ‘आकाश’चा धडा

स्वस्त टॅबलेट प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावा असा मोठा प्रयत्न आपल्या देशात होऊन गेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा टॅबलेट जाहीर केला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. ७ इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम असे त्याचे स्वरूप होते. किंमत पाहून सर्वांना आनंद झाला, परंतु प्रत्यक्ष वापरात यंत्र मंद वाटू लागले, बॅटरी लवकर उतरू लागली आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे.

याचे कारण पडद्याच्या जातीत होते. तो ‘रेझिस्टिव्ह’ पडदा होता. त्यात दोन पातळ थर असतात व दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात, तेव्हा यंत्राला स्पर्श कळतो. पुढे या प्रकल्पाचे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. तेथे प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सुधारित ‘आकाश-२’ वर काम झाले व ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. त्यात ‘कपॅसिटिव्ह’ पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम होती. कपॅसिटिव्ह पडद्याला बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युतभारातील बदल समजतो, म्हणून जोर द्यावा लागत नाही. पुढे ती योजना थांबली, परंतु तिने दिलेला धडा आजही उपयोगी आहे. तो असा की, यंत्र स्वस्त आहे की महाग हा दुसरा प्रश्न होय; ज्या कामासाठी ते घ्यायचे त्या कामाच्या वेळी ते हाताला साथ देते काय, हा पहिला प्रश्न होय.

२) पहिली कसोटी : लेखणी

आज बाजारातील बहुतेक सर्व टॅबलेटचे पडदे कपॅसिटिव्ह आहेत. परंतु बोटाने चालणारा पडदा लिहिण्यास योग्य असतोच असे नाही. येथे तीन प्रकार समजून घ्यावेत.

पहिला प्रकार म्हणजे रबरी टोकाचा साधा पेन. हा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पडद्याच्या दृष्टीने तो एक जाड बोटच असतो. त्याने अक्षर मोठे येते आणि तळहात पडद्यावर टेकला की तेथेही रेघा उमटतात. तासाभराच्या व्याख्यानात हात अधांतरी धरून लिहिणे शक्य नाही. दुसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या पेनचा. तो स्वतः संदेश सोडतो, त्यामुळे यंत्राला पेन कोणता व तळहात कोणता हे ओळखता येते. तिसऱ्या प्रकारात पडद्याखाली एक वेगळा थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि पेनमधील वेटोळ्याला त्यातूनच शक्ती मिळते. अशा पेनला लिहिण्यासाठी चार्जिंगची गरज नसते.

दुसरा व तिसरा प्रकार टॅबलेटमध्ये मुळातच असावा लागतो. नंतर पेन विकत आणून तो बसविता येत नाही. ‘पेन कोणताही चालतो’ असे दुकानदार म्हणाला, तर तो बहुधा पहिल्या प्रकाराविषयी बोलत आहे असे समजावे. पेटीत पेन आहे काय, नसल्यास त्याच कंपनीचा कोणता पेन या मॉडेलला चालतो व त्याची किंमत किती, हे विचारून दोन्ही रकमांची बेरीज करावी.

३) टिपणे म्हणजे नक्कल नव्हे

२०१४ साली अमेरिकेत म्युलर व ओपेनहायमर या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, लॅपटॉपवर टंकून टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवीत राहतात, तर हाताने लिहिणारे निवडून लिहितात व आशयाच्या प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे देतात. नंतर हाच प्रयोग इतरांनी पुन्हा केला, तेव्हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही. तेव्हा पेन असला की अभ्यास आपोआप होतो, असे कोणी मानू नये. लाभ निवडून लिहिण्यात आहे.

त्यासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पद्धत टॅबलेटवर फार सोयीची पडते. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना सोडावा व उजवीकडे व्याख्यान चालू असताना मुद्दे लिहावेत. घरी आल्यावर डाव्या रकान्यात त्या मुद्द्यांवर प्रश्न लिहावेत आणि तळाशी चार ओळींत सार लिहावे. परीक्षेच्या वेळी उजवी बाजू झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे स्वतःला द्यावीत. असे आखलेले एक पान करून ठेवले की टॅबलेटवर त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात.

पडद्याच्या आकाराचा विचार येथेच करावा. ए-५ कागदाचा, म्हणजे ए-४ च्या अर्ध्या कागदाचा कर्ण सुमारे १०.१ इंच भरतो. म्हणून १० ते ११ इंची टॅबलेट लिहिण्यास पुरेसा होतो. ८ इंची टॅबलेट वाचनास हलका असला तरी त्यावर दोन रकाने मावत नाहीत.

४) देवनागरीची परीक्षा

आपली टिपणे व कार्यालयीन काम मराठीत असते, म्हणून यंत्र मराठी नीट दाखविते काय हे पाहणे आवश्यक आहे. यासाठी ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘ज्ञान’, ‘श्रद्धा’, ‘बाळ’ असे शब्द टंकून पाहावेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. जुन्या फाँटमध्ये त्या जागी रिकामी चौकट दिसते.

दुसरी गोष्ट जुन्या फाइलींची. अनेक कार्यालयांत व टंकलेखन केंद्रांत पूर्वी युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर तयार होत असे. तो फाँट टॅबलेटमध्ये नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. सभेच्या दिवशी असे झाल्यास वक्त्याची फजिती होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा आणि स्लाइडची एक प्रत पीडीएफ स्वरूपात ठेवावी. पीडीएफमध्ये फाँट फाइलीसोबतच साठविता येतो, त्यामुळे अक्षरे बदलत नाहीत.

५) दुसरी कसोटी : प्रोजेक्टरपर्यंतची वाट

सादरीकरणासाठी टॅबलेट घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. हल्ली जवळजवळ प्रत्येक टॅबलेटला यूएसबी-सी हे पोर्ट असते. ते दिसायला सारखे असले तरी काम सारखे करीत नाही. काही टॅबलेटमध्ये त्यातून चार्जिंग व फाइलींची देवघेव एवढेच होते. काहींमध्ये चित्रही बाहेर जाते. बाहेरून पाहून हा भेद कळत नाही.

दोन उदाहरणे घेऊ. २०२० साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस-६ लाइटबरोबर लेखणी पेटीतच मिळते व तिला चार्जिंग लागत नाही. परंतु त्याच्या यूएसबी-सी पोर्टमधून प्रोजेक्टरला चित्र जात नाही. उलट २०२२ साली आलेल्या दहाव्या पिढीच्या आयपॅडच्या पोर्टमधून चित्र जाते; परंतु त्याची लेखणी वेगळी घ्यावी लागते. २०२५ साली आलेल्या आयपॅडची भारतातील सुरुवातीची किंमत ३४,९०० रुपये होती, तर २०२३ साली आलेल्या यूएसबी-सी पेन्सिलची ७,९०० रुपये. म्हणजे लेखणीसह हिशेब जवळपास ४३ हजारांवर जातो. मॉडेल बदलत राहतात, किमतीही बदलतात. पण कोठे लेखणी आहे व वाट नाही, कोठे वाट आहे व लेखणी नाही, हा भेद कायम तपासावा लागतो.

वाट असल्यास यूएसबी-सी ते एचडीएमआय असा जोड घ्यावा. जुन्या सभागृहांत प्रोजेक्टरला व्हीजीएची वायर असते, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए असा दुसरा जोडही पिशवीत ठेवावा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, हे ध्यानात असू द्यावे. वायरीची वाट नसल्यास बिनतारी मार्ग आहे. ‘मिराकास्ट’ पद्धतीत टॅबलेट व पडदा एकमेकांशी थेट जोडले जातात, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र समोरच्या प्रोजेक्टरमध्ये किंवा टीव्हीमध्ये ती सोय असावी लागते. क्रोमकास्टसारख्या साधनांना वाय-फाय लागते आणि पंचायत समितीच्या सभागृहात ते असेलच याची खात्री देता येत नाही. ज्यांना वारंवार वेगवेगळ्या ठिकाणी सादरीकरण करावे लागते, त्यांनी वायरीचीच वाट धरावी.

६) इतर बाबी

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नसावी. हस्तलिखित टिपणे फार जागा घेत नाहीत, जागा खातात ते व्याख्यानांचे व्हिडिओ. म्हणून ६४ जीबी घेताना मेमरी कार्ड बसते काय हे विचारावे. सिमकार्डाचे मॉडेल महाग असते. हाती स्मार्टफोन असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर काम भागते. कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे देणार, हेही विचारावे. जुने, स्वस्त झालेले मॉडेल घेताना हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. शेवटचे म्हणजे, टिपणे पीडीएफ करून बाहेर काढता येतात काय हे पाहावे. वर्षभराचा अभ्यास एकाच ॲपमध्ये अडकून राहिला आणि यंत्र पडले, फुटले किंवा हरवले, तर नुकसान यंत्राच्या किमतीहून मोठे होते. दर आठवड्याला एक प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवय लावावी.

७) कोणी काय घ्यावे ?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला मुख्यतः व्याख्याने पाहणे व प्रश्न सोडविणे असते. त्याने आधी शासकीय योजना पाहावी. नागपूरच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे ‘महाज्योती’ने, इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासोबत टॅबलेट दिले आहेत. इतर प्रवर्गांसाठी त्या वर्षी काय योजना आहे, याची चौकशी बीडच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. यंत्र मिळाले तर गणिते वहीतच सोडवावीत; त्यात कमीपणा नाही.

महाविद्यालयीन किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने लेखणीला पहिला मान द्यावा व प्रोजेक्टरची वाट नसली तरी चालवून घ्यावी. वर्षातून एखाद्या परिसंवादासाठी पीडीएफ पेन ड्राइव्हवर नेऊन तेथील संगणकावर दाखविता येते. शिक्षक, अभियंता, आरोग्य अधिकारी किंवा खाजगी कंपनीतील कर्मचारी यांना दर महिन्याला सादरीकरण असेल, तर त्यांनी पोर्टला पहिला मान द्यावा. आणि ज्यांना लांब अहवाल टंकणे, मोठे तक्ते करणे हेच काम आहे, त्यांनी टॅबलेट घेऊच नये. तितक्याच पैशांत साधा लॅपटॉप अधिक उपयोगी पडेल.

८) दुकानातील पंधरा मिनिटे

• तळहात पडद्यावर टेकवून, शिरोरेषेसह दहा ओळी मराठी भरभर लिहाव्यात. अक्षर पेनाच्या मागे रेंगाळते काय ते पाहावे.
• वर दिलेले पाच शब्द टंकून पाहावेत.
• आपली एखादी स्लाइड सोबत नेऊन दुकानातील टीव्हीवर वायरीने दाखवावयास सांगावे. ‘होते’ या शब्दावर विसंबू नये, झालेले पाहावे.
• लेखणी, जोड, कव्हर धरून एकूण रक्कम कागदावर मांडावी. हप्त्याने घेत असल्यास सर्व हप्त्यांची बेरीजही मांडावी.
• पावती व हमीपत्रावर मॉडेलचे पूर्ण नाव आहे हे पाहून घ्यावे.

मित्रहो, दुकानात प्रश्न विचारण्याचा संकोच आपल्याला महागात पडतो. ग्रामीण भागातून आलेल्या तरुणाला वाटते की, आपण विचारले तर आपले अज्ञान दिसेल. वस्तुतः जो विचारतो त्यालाच दुकानदार जाणकार समजतो. सभेतही तसेच आहे. वीज गेली, वायर बसली नाही, प्रोजेक्टर बंद पडला, तरी ज्याने विषय समजून घेऊन मुद्द्यांची एक छापील प्रत खिशात ठेवली आहे, त्याचे बोलणे अडत नाही. म्हणून यंत्र घ्यावे ते पारखून घ्यावे आणि विषयाची तयारी यंत्रावर सोपवू नये.