जुन्या घराची दुरुस्ती व कंत्राटदाराची निवड

गोव्यातील पुष्कळ जुनी घरे चिऱ्याची असून त्यांना चुन्याचा गिलावा आहे. चिरा सच्छिद्र, त्यात शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. वर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविल्यास ती आत कोंडते व पोपडे सुटू लागतात. म्हणून कंत्राटदारास प्रथम विचारावे, "गिलावा कशाचा करणार?" भिंत न तपासताच "सिमेंटचा" म्हणणारा, दर कितीही कमी असो, टाळावा. त्याने दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेले घर भर आषाढात पाहावे. मार्गशीर्षात सर्वच भिंती कोरड्या दिसतात! अंदाजपत्रकात कौले, वासे, रिपा यांची संख्या व मापे स्वतंत्र लिहून घ्यावीत. 'किरकोळ कामे' या सदराखाली बराच पैसा जातो. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी; शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर चुकता करण्याची अट करारातच असावी.