घरातला मासा आजारी आहे, हे कसे ओळखाल?

मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत काचेच्या भांड्यात गोल्डफिश किंवा गप्पी आलेले असतात. मासा कण्हत नाही, ओरडत नाही. म्हणून रोज खाणे घालताना दोन मिनिटे त्याच्याकडे नीट पाहा.

ही लक्षणे ओळखा :

१) सारखे वर येऊन तोंड उघडझाप करणे : पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया वाढला आहे.

२) अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, दगडाला अंग घासणे : हा परजीवीचा रोग आहे. एकाला झाला तरी भांड्यातल्या सर्व माशांवर उपचार करावे लागतात.

३) पर कुरतडल्यासारखे फाटणे : बहुतेक वेळा घाण पाण्यामुळे.

४) पोट फुगून खवले उभे राहणे : आजार शरीराच्या आत गेला आहे. असा मासा क्वचितच वाचतो.

५) खाणे सोडणे, पर मिटून कोपऱ्यात बसणे : कोणत्याही आजाराची सुरुवात.

पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी. एक चतुर्थांश पाणी बदला. सगळे एकदम बदलू नका, माशाला ते सोसत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते बादलीत २४ तास ठेवून मगच घाला. डास होऊ नयेत म्हणून बादलीवर पातळ कापड बांधा. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल पाण्यात फोडू नका. त्याने पाणी स्वच्छ ठेवणारे चांगले जंतूही मरतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

आता आपल्या तब्येतीचे. हाताला जखम असेल तर भांड्यात हात घालू नका. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. भांड्याच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू जखमेत शिरू शकतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर गाठ येते आणि ती लवकर बरी होत नाही. हा जंतू क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला असला, तरी हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. औषध काही महिने घ्यावे लागते. डॉक्टरांना ‘घरात मासे आहेत’ हे आपणहून सांगा. ते न विचारल्यामुळेच निदानाला उशीर होतो.