विमानाचे अंतर आणि बीडच्या माणसाचा प्रवास

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. लेकरांकडे निघालेल्या आई-वडिलांच्या मनात हाच आकडा पक्का बसलेला असतो. पण बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, बीड शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. परळी-अंबाजोगाईकरांना त्याहून लांब. तिथून मुंबई आणि मग पुढचे विमान. खरी दगदग या अलीकडच्या टप्प्यात होते.

माझ्या आईला धाकट्याकडे न्यू जर्सीला जायचे होते. तिकीट काढून देणाऱ्याने स्वस्त पडते म्हणून संभाजीनगर-मुंबई आणि मुंबई-न्यूयॉर्क अशी दोन वेगळी तिकिटे दिली. मधे तीनेक तास होते. पहिलेच विमान उशिरा सुटले. मुंबईत सामान पट्ट्यावरून उतरवून घ्यायचे, सांताक्रूझकडच्या टर्मिनलवरून सहारच्या टर्मिनलला जायचे, पुन्हा रांग लावायची. आईचे गुडघे दुखरे, हातात औषधांची पिशवी, बॅगांत बाजरीचे पीठ नि शेंगदाण्याची चटणी. ती पोचली तेव्हा काउंटर बंद झाला होता. पहिल्या कंपनीने मुंबईला आणून सोडले, तिचे काम संपले. दुसरीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. तिकिटाचे पैसे गेले, पण सत्तरीची बाई रात्रभर लोखंडी खुर्चीवर बसून राहिली, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणावर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मग पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय करणे कंपनीकडे येते. ते जमत नसेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा; तिच्यासोबत माणूस मिळतो, आणि इंग्रजी न येणाऱ्याला त्याचाच आधार असतो.

तारीख नीट वाचा. 12 तारखेला पहाटे दोनचे विमान म्हणजे 11 च्या रात्रीच विमानतळावर असायला हवे. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुने मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हेही पाहा.

नकाशावरची रेघ विमान पाळतेच असे नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडच्या विमानांना वळसा पडला. अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावे लागले. प्रवास असा लांबू शकतो, म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आणि पैसे मोजण्याआधी तिकीटवाल्याला स्पष्ट विचारा: पहिल्याला उशीर होऊन पुढचे विमान चुकले तर जबाबदारी कोणाची? उत्तर लेखी घ्या.