कर्ज फिटलं, नोंद मात्र थकीतच

दुचाकीचं कर्ज फेडून, ‘नो ड्यूज’ दाखला घेऊन मी फाईल बंद केली होती. गृहकर्जासाठी अर्ज केला तेव्हा मात्र सिबिल अहवालात तेच खातं चालू आणि थकीत दिसलं. शेवटच्या महिन्यांच्या चौकटींत ०३०, ०६०, ०९० असे आकडे होते. हप्ता किती दिवस थकला, हे ते आकडे सांगतात. वेळेवर भरलेल्या महिन्यासमोर ००० असतं.

ही माहिती सिबिल स्वतः तयार करत नाही, कर्ज देणारी संस्था पाठवते. म्हणून दाद दोन्हीकडे मागावी. सिबिलच्या संकेतस्थळावर वादग्रस्त नोंदीची तक्रार विनामूल्य करता येते. ‘माझा स्कोअर वाढवा’ असं मोघम लिहून काही होत नाही. खाते क्रमांक, चुकलेला रकाना आणि खातं बंद झाल्याची तारीख नेमकी लिहावी. त्याच दिवशी बँकेलाही दाखल्याच्या प्रतीसह लेखी कळवावं आणि तक्रार क्रमांक घ्यावा.

तक्रारीचा निपटारा ३० दिवसांत व्हायला हवा. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२पासून सिबिलसारख्या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

नोंद खरी असेल, तर मार्ग वेगळा.

तडजोडीने कमी रक्कम भरलेल्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पैसे घेऊन तो पुसून देण्याचा दावा करणारे एजंट गावोगावी भेटतात. कर्जदाराने त्यांना ना पैसे द्यावेत, ना ओटीपी. त्यापेक्षा उरलेली रक्कम भरण्याबाबत बँकेशी बोलून खातं ‘क्लोज्ड’ दाखवण्याची लेखी हमी घ्यावी. जुन्या चुकलेल्या हप्त्यांची नोंद त्यानेही लगेच जात नाही; पुढचे हप्ते वेळेवर भरत राहिलं की स्कोअर हळूहळू सावरतो.

एका ठिकाणची दुरुस्ती पुरेशी नसते. सिबिलखेरीज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्याही अहवाल ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. नव्या कर्जाचा अर्ज करण्याआधीच हे चारही अहवाल मागवून तीच नोंद ताडून पाहावी.