घरातील रेडॉन : पाइप व पंख्याचा उपाय

रेडॉन वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. जमिनीतील युरेनियमपासून तो तयार होतो, भेगांतून घरात शिरतो आणि त्यामुळे फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात स्टॅन्ले वॉट्रस हे अणुवीज केंद्रात कामावर गेले की किरणोत्सर्गाची धोक्याची घंटा वाजे. तपासाअंती दोष केंद्राचा नव्हे, त्यांच्या घराचा निघाला. तेव्हापासून तेथे रेडॉन काढणे हा कारागिरांचा स्वतंत्र धंदा झाला.

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून त्यात पीव्हीसी पाइप बसवितात व तो छपराच्या वर नेतात. पाइपातील पंखा दिवसरात्र चालून जमिनीखालचा वायू बाहेर ओढतो. मग भेगा बुजवाव्यात, म्हणजे ओढ टिकते. पंखा माळ्यावर किंवा घराबाहेर असावा. तळघरात असल्यास सांधा गळून वायू घरातच पसरेल.

पंखा सुरू झाल्यावर २४ तासांनंतर, पण ३० दिवसांच्या आत, पुन्हा मोजणी करावी. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा अधिक रेडॉन आढळल्यास उपाय करावा, असे अमेरिकन सरकार सांगते. वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मोजणी दाखविल्याशिवाय गिऱ्हाइकाला ‘काम झाले’ असे सांगू नये.